मोटारसायकलची निगा : मालक, मिस्त्री आणि विक्रेता

मोटारसायकलची ठरावीक मुदतीची निगा मालकाने स्वतः राखावी की विक्रेत्याच्या सर्व्हिस सेंटरवर सोपवावी, हा प्रश्न भारतात फार जुना नाही. स्वातंत्र्यानंतरची तीनेक दशके तो बहुतेकांना पडलाच नाही. गाड्या थोड्या होत्या, विक्रेते मोठ्या शहरांत होते आणि तालुक्याच्या गावी गाडी वापरणाऱ्याला तिचे तेलपाणी स्वतःच बघावे लागे.

1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिचची रॉयल एनफिल्ड यांच्या भागीदारीतून एनफिल्ड इंडिया उभी राहिली आणि 350 सीसीची बुलेट मद्रासला तयार होऊ लागली. 1960 च्या सुमारास म्हैसूरच्या आयडियल जावाने चेकोस्लोव्हाकियाची जावा बांधायला घेतली. तीच पुढे येझदी झाली. एस्कॉर्ट्सची राजदूत पोलंडच्या एसएचएल गाडीवर बेतलेली होती. या तिन्हींची घडण मूळ युरोपातली होती, आणि तिथल्या कारखान्यांनी गाडी घेणारा माणूस पाना हातात धरणारच असे गृहीत धरले होते. म्हणून झीज होणारा प्रत्येक भाग साध्या हत्यारांनी उघडेल असा ठेवलेला होता.

बुलेटचे ओतीव लोखंडी इंजिन हा याचा उत्तम नमुना. टॅपेट सेट करायला उजव्या बाजूचे झाकण एक नट काढला की हाती येई. इंजिन थंड असताना, पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणून पुशरॉड बोटांनी फिरवून बघायचा: तो सहज फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. या कामाला फिलर गेजही लागत नसे. इग्निशनच्या पॉइंटमधली फट मात्र मोजूनच ठेवावी लागे, 0.35 ते 0.40 मिलिमीटर. ती कमी-जास्त झाली की टायमिंग बिघडे आणि किक उलटी बसे; पायाला झटका बसलेला मालक पुढच्या वेळी पॉइंट वेळेवर बघत असे. हे इंजिन मूळ घडण फारशी न बदलता 2010 च्या आसपासपर्यंत बनत राहिले. वडिलांनी शिकलेले काम मुलाच्या गाडीलाही तसेच्या तसे लागू पडे, आणि बुलेटवाल्यांमध्ये स्वतः काम करण्याची परंपरा इतकी टिकली त्याचे खरे कारण हेच आहे.

जावा-येझदी आणि राजदूत टू-स्ट्रोक. त्यांत टॅपेट नाहीत, पण पेट्रोलबरोबर जळणाऱ्या ऑइलचा कार्बन सिलिंडर हेडमध्ये, एक्झॉस्टच्या तोंडाशी आणि सायलेन्सरमध्ये साचतो. गाडी ओढेनाशी झाली की हेड उतरवून तो खरवडायचा, पिस्टनला ओरखडा न पडू देता. जावाच्या सायलेन्सरमधली जाळी मागून बाहेर काढता येई. ती जाळून किंवा कॉस्टिक सोड्यात भिजवून साफ करीत. प्लग काढून पॉलिश पेपरने घासणे हे तर रोजच्या सवयीतले काम होते. बजाजच्या स्कूटरवाल्यांनाही ते चुकले नव्हते. डिकीत एक जादा प्लग असेच. नवी चेतक मिळायला वर्षानुवर्षे, कधी दहा वर्षांपर्यंत, नंबर लावून थांबावे लागे. अशा काळात हाती असलेली गाडी जपून टिकवणे हा शौक नव्हता, गरज होती.

तरीही प्रत्येक मालक स्वतः काम करीत होता असे म्हणणे खोटे ठरेल. मालक आणि विक्रेता यांच्यामध्ये एक तिसरा माणूस होता, आणि भारतातल्या दुचाकीचा इतिहास त्याच्याशिवाय सांगताच येत नाही. तो म्हणजे गल्लीतला मिस्त्री. हाताखालचा पोरगा म्हणून आधी गाड्या धुवायच्या, मग प्लग आणि ब्रेकशू, मग क्लच, आणि शेवटी इंजिन उघडायची परवानगी, अशा क्रमाने तो तयार होई. कागदावरचे प्रमाणपत्र क्वचितच असे. पुण्याच्या नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांवर आणि लेथवाल्यांवर त्याचा धंदा चाले. सिलिंडर बोअर करून मोठ्या मापाचा पिस्टन बसवणे, झिजलेल्या भागाला बुश घालणे ही कामे कंपनीच्या पुस्तकाबाहेर तिथेच वाढली. मालक शेजारी उभा राहून बघे, विचारी आणि अर्धेअधिक शिकून घेई. या शाळेचे मोल कमी लेखले गेले आहे.

1984 पासून चित्र पालटले. जपानी कंपन्यांशी करार होऊन हिरो होंडा, इंड-सुझुकी, यामाहा आरएक्स 100 आणि कावासाकी बजाजच्या 100 सीसी गाड्या आल्या. हिरो होंडाने आपली फोर-स्ट्रोक गाडी विकताना पेट्रोल भरा आणि विसरून जा असेच सांगितले. इलेक्ट्रॉनिक इग्निशनने हळूहळू पॉइंट घालवले आणि त्यांच्याबरोबर मालकाचे एक नियमित कामही गेले. गाडीसोबत फ्री सर्व्हिसिंगची कुपने येऊ लागली: मजुरी माफ, ऑइलचे पैसे वेगळे. ठरलेल्या किलोमीटरला अधिकृत सेंटरचा शिक्का पुस्तिकेत नसेल तर वॉरंटी अडचणीत येई. निगा राखण्याचे काम मालकाच्या हातून निघाले ते बरेचसे या शिक्क्यामुळे, आळसामुळे नव्हे. दोन हजार सालच्या प्रदूषण नियमांनंतर टू-स्ट्रोक मोटारसायकली बाजारातून जवळपास नाहीशा झाल्या. एप्रिल 2020 मध्ये बीएस-6 हे प्रदूषण नियम लागू झाल्यावर कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली, आणि दोष शोधायला कंपनीचे स्कॅनर लागू लागले. इथे गल्लीतला मिस्त्रीही दाराबाहेर राहिला.

मोटारींच्या बाबतीत या वादाची तड आधी लागू लागली. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने स्पेअर पार्ट आणि तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणाऱ्या 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, असेही बजावले. कंपन्या अपिलात गेल्या. त्या निकालात दुचाकी नव्हत्या, पण युक्तिवाद त्यांनाही तंतोतंत लागू आहे. जुलै 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या चार क्षेत्रांत वाहने होती. त्याच डिसेंबरात या विषयाचे सरकारी पोर्टलही सुरू झाले.

मग आज कोणते काम कोणी करावे? एबीएसच्या ब्रेकमधली हवा काढणे किंवा इंजेक्शनचा दोष शोधणे ही कामे योग्य साधने असलेल्या सेंटरवरच व्हावीत. ब्रेकच्या बाबतीत अंदाज चालत नाही. पण इंजिन ऑइल बदलणे, चेन साफ करून ताण बघणे, एअर फिल्टर, ब्रेक पॅड आणि टायरमधली हवा ही कामे आजच्या गाडीवरही पूर्वीइतकीच सोपी आहेत. अडते ते माहितीपाशी. नट किती घट्ट करायचा, फट किती ठेवायची, कोणत्या प्रतीचे ऑइल घालायचे याची संपूर्ण सर्व्हिस पुस्तिका कंपन्यांनी गाडीसोबत मालकाला दिली पाहिजे, आणि तीही मराठीसह त्याच्या भाषेत.