रोजच्या वाचनाचा नेम : केडगावच्या रमाबाईंची गोष्ट

वाशीच्या एपीएमसी मार्केटात काम करणाऱ्या बायकांच्या बचत गटातून आम्ही बोलतोय. आमच्यातल्या कुणी कांदा-बटाटा मार्केटात माल निवडतात, कुणी दाणाबंदरात धान्य साफ करतात, कुणी बारदान शिवतात. गटात अहिल्यानगर-जालन्याकडच्या काही ख्रिस्ती बायकाही आहेत. त्या म्हणतात, घरात बायबल आहे, रविवारी चर्चमध्ये ऐकतोही, पण रोज स्वतः वाचायचा नेम चार दिवस टिकतो आणि मोडतो. पोथी वाचणाऱ्या आणि कुराण वाचणाऱ्या बायकांची तक्रारही वेगळी नाही. म्हणून आज आपण अशा एका बाईची गोष्ट ऐकू, जिनं हा नेम स्वतः पाळला आणि हजारो खेड्यातल्या बायकांना तो जमावा म्हणून आयुष्याची शेवटची वर्षं खर्ची घातली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध सोसून बायकोला संस्कृत शिकवलं आणि आईनं ते रमाबाईंना दिलं. आईला दिवसभर घरकाम, पाहुणे, वडिलांचे विद्यार्थी. सवड कुठली? म्हणून ती लेकीला उजाडायच्या आत गोंजारून उठवायची आणि श्लोक म्हणून घ्यायची. हातात पुस्तक नसायचं, आईचं तोंड हेच पुस्तक. मैत्रिणींनो, सवड मिळाली की वाचू असं आपण म्हणतो. त्या माउलीनं सवडीची वाट पाहिली नाही, वेळ ठरवून टाकली.

पुढे दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी फिरत रमाबाई १८७८ साली कलकत्त्याला पोहोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना 'पंडिता' ही पदवी दिली. त्याच शहरात त्यांना कुणीतरी संस्कृत बायबल भेट दिलं. एवढी संस्कृत जाणणारी बाई, पण त्या पुस्तकाची भाषा त्यांना ओळखीची वाटेना, अर्थ लागेना, आणि ते बाजूला पडलं. काही वर्षांनी लग्न होऊन त्या आसामातल्या सिल्चरला राहत असताना घरच्या पुस्तकांत एक लहानसं पुस्तक सापडलं. ते बंगालीतलं लूकचं शुभवर्तमान होतं. ते मात्र त्यांनी आवडीनं वाचलं. जाड ग्रंथ कपाटात राहिला आणि बोलत्या भाषेतलं छोटं पुस्तक मनात शिरलं, हे इथं लक्षात ठेवू या.

१८८२ साली नवरा वारला. पदरात लहानगी मनोरमा. त्या पुण्याला आल्या, तिथं मराठीतून नवा करार शिकल्या, मग इंग्लंडला गेल्या आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं. पुढच्याच वर्षी ते पुण्याला नेलं. तिथं कुणालाही धर्म शिकवायचा नाही, ज्याचा धर्म त्यानं पाळावा, असं ठरलेलं होतं.

आणि इथंच रोजच्या वाचनावरून मोठं वादळ उठलं. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला घेऊन बायबल वाचायच्या, प्रार्थना करायच्या. खोलीचं दार उघडंच असायचं. सदनातल्या काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यातली वर्तमानपत्रं खवळली. लोकांचं म्हणणं, हा दिलेला शब्द मोडण्याचा प्रकार आहे, कोवळ्या मुलींवर परिणाम होणारच. रमाबाईंचं म्हणणं, मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या घरात दार लावून चोरून का वाचू? १८९३ साली न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दोन्ही बाजूंना आपापली कारणं होती. पण रमाबाईंनी नेम सोडला नाही आणि सदनही बंद केलं नाही.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या. पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगावला जमीन घेतली होती, तिथं मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथल्या बायका-मुलींची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. शेती, विणकाम, तेलघाणा, शिवणकाम सगळं बायकांच्या हातात. आणि प्रत्येकीला अक्षरओळख. अंध मुलींना मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवली, त्या बोटांनी वाचू लागल्या.

पण वाचायला आलं तरी पुस्तक समजायला नको का? मराठीत बायबल नवं नव्हतं. मत्तयाचं शुभवर्तमान १८०५ सालीच बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं होतं. पण प्रचलित भाषांतरातले संस्कृत वळणाचे शब्द शेतात राबणाऱ्या बाईला अडायचे. संस्कृतातला बडा पंडित म्हणावा अशी ही बाई म्हणाली, आता सोपं मराठी हवं. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. कानांनी नीट ऐकू येत नव्हतं, तब्येत साथ देत नव्हती, १९२१ साली मनोरमा गेली, तरी जवळजवळ सतरा-अठरा वर्षं त्या रोज थोडं थोडं भाषांतर करत राहिल्या. खिळे जुळवणं, छापणं, कागद दुमडणं, बांधणी, हे सगळं मुक्तीतल्या बायकांनी केलं. काम हातावेगळं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. त्यांचं पूर्ण बायबल १९२४ साली बाहेर पडलं.

आमच्या मार्केटात मालाची पट्टी दुसऱ्यानं वाचून दाखवली तर आपण मान डोलावतो. स्वतः वाचली तर हमाली किती, तोलाई किती, हाती काय आलं, ते कळतं आणि विचारायचा धीर येतो. धर्माच्या पुस्तकाचंही तसंच आहे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकलेलं ऐकलेलंच राहतं, स्वतः वाचलेलं आपलं होतं. रमाबाईंना बाईच्या हातात हेच द्यायचं होतं.

मग नेम टिकवायचा कसा? याच गोष्टीतून घेऊ. वेळ एकच ठरवा, भल्या पहाटेची असो नाहीतर गाड्या खाली झाल्यावरची. समजेल त्या भाषेतलं पुस्तक घ्या. सुरुवात लहान पुस्तकापासून करा. लूकच्या शुभवर्तमानात २४ अध्याय आहेत. रोज एक वाचला तर महिन्याच्या आत पुरं होतं. चारही शुभवर्तमानांचे मिळून ८९ अध्याय, म्हणजे तीन महिने. अख्ख्या बायबलात ६६ पुस्तकं आणि ११८९ अध्याय, ते पाहून दडपू नका. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन्हींचं ओझं घेऊ नका, जिथं थांबलात तिथून पुढे चला. जिला वाचता येत नाही तिला शेजारी बसवा, तिचं बोट अक्षरावर ठेवा.

गटाची बचत आपण अशीच केली, थेंबे थेंबे तळे साचे. हा नेमही तसाच साचतो, मग पुस्तक कुठल्याही धर्माचं असो. आज इतकंच, मैत्रिणींनो.