प्रस्तावना: वाकणारी विकरे

सेल्युलोजचा तंतू नुसत्या पाण्यात ठेवला, तर साध्या तापमानाला त्यातले निम्मे बंध आपोआप तुटायला सुमारे ५० लाख वर्षे लागतील. कुजक्या लाकडावरच्या बुरशीचे विकर तसाच बंध सेकंदाच्या आत तोडते. या तफावतीचे नवल ज्याला वाटते, त्याच्यासाठी हे पुस्तक आहे. बारावीपर्यंतचे रसायनशास्त्र पुरेल.

एमिल फिशरने १८९४ मध्ये दिलेली कुलूप-किल्लीची उपमा आपण शाळेपासून ऐकतो. ती आता अपुरी पडते. १९५८ मध्ये डॅनियल कॉशलंडने मांडले की, रेणू जवळ आला की विकरही आपला आकार बदलते. पण मला त्याहून मोलाची वाटते ती दुसरी बाजू: विकर त्या रेणूलाही, म्हणजे इथे साखरेलाही, वाकवते.

याचा पहिला पुरावा कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्यातल्या लायसोझाइममध्ये मिळाला. जिवाणूंच्या भिंतीतली शर्करासाखळी तोडणारे हे अवघ्या १२९ अमिनो आम्लांचे विकर. १९६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये डेव्हिड फिलिप्स यांच्या गटाने क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली. विकराच्या खाचेत तीन शर्करांचा तुकडा बसलेला दिसला, खाच किंचित आवळलेलीही दिसली. साखळी प्रतिकृतीवर पुढे वाढवताना मात्र चौथी कडी अडली. तिच्या नेहमीच्या ‘खुर्ची’ रूपात ती मावेना. चपटी केली तेव्हा बसली. बंध तुटतो तो नेमका याच कडीपाशी, कारण तुटण्याच्या क्षणी तिला जो आकार घ्यावा लागतो, त्याच्या जवळ ती आधीच पोचलेली असते. फिलिप्स यांनी सुचवलेल्या अभिक्रियेत २००१ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. तुटलेली साखर काही काळ विकराशीच सहसंयुज बंधाने जोडली जाते, हे तेव्हा दिसले. वाकलेली कडी मात्र टिकून राहिली.

सेल्युलोजची गोष्ट याहून रंगतदार. दुसऱ्या महायुद्धात दक्षिण पॅसिफिकमध्ये अमेरिकी सैन्याचे तंबू आणि कपडे कुजत होते. त्याचे कारण शोधताना सॉलोमन बेटांवर जी बुरशी सापडली, ती आज ट्रायकोडर्मा रीसी म्हणून ओळखली जाते. तिच्या सेल-७-ए या विकरात सुमारे ५ नॅनोमीटर लांबीचा बोगदा आहे. सेल्युलोजची साखळी एका तोंडातून आत ओढली जाते, दुसऱ्या टोकाशी दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे सुटतात आणि विकर पुढे सरकते. बोगद्याचे छत प्रथिनाच्या लवचीक वळशांचे आहे. ते घट्ट मिटले तर साखळी निसटत नाही. पण अडथळा आल्यावर विकराला सुटताही येत नाही. २०११ मध्ये जपानी संशोधकांनी अतिवेगवान अणुबल सूक्ष्मदर्शकाखाली ही विकरे तंतूवर एकामागे एक अडकून पडलेली प्रत्यक्ष पाहिली. शेतातल्या काडीकचऱ्यापासून इंधन करू पाहणाऱ्यांची एक मोठी अडचण इथेच आहे.

पुढच्या प्रकरणांतली बहुतेक चित्रे स्फटिकांची, म्हणजे स्थिर आहेत. ती पाहताना आधी साखरेची कडी शोधा, ती कुठे वाकली आहे ते पाहा, आणि मगच भोवतालच्या प्रथिनाकडे वळा.