लेन्स, विहीर आणि डोळ्यात गेलेलं पाणी

मागच्या मे महिन्यात अल्लीपूरला गेलो होतो. वर्धा जिल्हा, हिंगणघाट तालुका, चहूकडे कापसाची काळी जमीन आणि माझं आजोळ. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी तीन वाजता शेतातली विहीर दिसली की माणसाची बुद्धी जिथे जायची तिथेच जाते. काठावर उभा राहून लेन्स काढाव्यात की राहू द्याव्यात असा विचार करत होतो, तेवढ्यात धाकटा मामा खालून पाण्यातनं ओरडला, "काहून रे भाचा, भेतं का?" झालं! मारली उडी.

तिसऱ्या दिवशी पुण्यात डावा डोळा टोमॅटोसारखा लाल. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दुखतंय किती, केव्हापासून हे सगळं नंतर विचारलं. पहिला प्रश्न होता, "लेन्स घालून पोहलात का?" मी म्हटलं हो. "कुठे?" "विहिरीत." त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. आमच्या ऑफिसात प्रॉडक्शन सर्व्हरवर कोणी भलतीच कमांड चालवली की टीम लीडचा जो चेहरा होतो, तोच!

माझं नशीब चांगलं, नुसतं खरचटलं होतं. आठवड्यात बरं झालं. पण एका प्रश्नाची एवढी घाई का, हे डोक्यातून जाईना. पुढचे दोन-तीन वीकएंड त्यातच गेले.

सुरुवात लेन्सपासून करू. १८८८ साली झुरिकमध्ये अडॉल्फ फिक नावाच्या जर्मन डॉक्टरने काचेची लेन्स डोळ्यावर बसवल्याचा लेख छापला. आधी सशांवर प्रयोग, मग स्वतःवर. लेन्स आणि डोळा यांच्यामध्ये तो द्राक्षसाखरेचं पाणी भरायचा. दोन-एक तासांवर कोणाला ती सहन होत नसे, त्यामुळे अशी लेन्स घालून पोहायचा प्रश्नच नव्हता.

खरी क्रांती झाली ती १९६१ च्या नाताळात, प्रागमधल्या एका स्वयंपाकघरात. ओटो विख्टर्ले हा चेकोस्लोव्हाकियाचा रसायनशास्त्रज्ञ. पाणी शोषून मऊ होणारं प्लास्टिक त्याने आणि सहकाऱ्याने आधीच बनवलं होतं, पण त्याची लेन्स काही धड बनेना. मग या गृहस्थाने मुलांच्या मेर्कुर खेळण्याचे (आपल्या मेकॅनोचा चेक भाऊ) तुकडे जोडले, त्याला सायकलचा डायनॅमो लावला आणि फिरत्या साच्यात द्रव टाकून लेन्स पाडल्या. पहिल्या चार लेन्स अशा तयार झाल्या. ही गोष्ट वाचून मी किती वेळ एकटाच हसत होतो. आम्हाला साधा टेस्ट सर्व्हर मिळवायला तीन अप्रूव्हल लागतात! पुढे त्याच्या अकादमीने हक्क परस्पर अमेरिकेत विकले, आणि १९७१ मध्ये तिथल्या सरकारी मान्यतेने मऊ लेन्स बाजारात आली.

या मऊ लेन्सची खुबी म्हणजे ती पाणी पिते. वजनाच्या सुमारे ४० टक्के पाणीच असतं तिच्यात. म्हणून ती टोचत नाही. आणि गोम पण तिथेच आहे.

आता दुसरं पात्र. १९३० मध्ये आल्दो कास्तेल्लानी या इटालियन डॉक्टरला यीस्टच्या कल्चरमध्ये एक आगंतुक अमिबा सापडला. त्याच्या अंगावर काट्यांसारखे उंचवटे, म्हणून कुळाला नाव पडलं अकँथअमिबा. ग्रीक भाषेत अकँथ म्हणजे काटा. हा प्राणी सगळीकडे असतो. माती, तळी, विहिरी, नळ, पोहण्याचे तलाव, कुठेही. बॅक्टेरिया खाऊन सुखात जगतो. परिस्थिती बिघडली की दुहेरी भिंतीचं कवच करून आत बसतो. पूलमध्ये आपण जेवढं क्लोरीन टाकतो, तेवढं हे कवच आरामात पचवतं. म्हणजे सोसायटीच्या पूलचं निळंशार पाणी पाहून आपण निर्धास्त होतो, ते उगाचच.

१९७३ मध्ये टेक्सासमधल्या एका गुराख्याच्या डोळ्याला इजा झाली, आणि त्या दुखण्यात हा अमिबा सापडला. १९७५ मध्ये त्यावर जो लेख आला, त्यातले एक लेखक भारतीय वंशाचे गोविंद विश्वेश्वर. त्या गुराख्याची गोष्ट लेन्सची नव्हतीच, हे लक्षात ठेवा. पुढे कामाला येईल.

मग १९८५ उजाडलं. अमेरिकेत एकाएकी असे पेशंट वाढले, आणि बहुतेक सगळे लेन्सवाले. तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने आजारी आणि निरोगी लेन्सवाल्यांची तुलना केली, ती १९८७ मध्ये छापून आली. आजाऱ्यांपैकी ७८ टक्के लोक मिठाच्या गोळ्या पाण्यात विरघळवून घरीच द्रावण बनवत होते. निरोगी लोकांत हे प्रमाण ३० टक्के. आणि लेन्स घालून पोहणारे? आजाऱ्यांत ६३ टक्के, निरोगी लोकांत पुन्हा ३०. माझ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न आला तो इथून.

होतं असं की पाण्यातला अमिबा लेन्सला चिकटतो. लेन्स त्याला तासन् तास कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर, दाबून धरते. त्या पडद्यावर एखादा बारीक ओरखडा असला की हा आत शिरतो. नसांच्या कडेकडेने सरकतो, म्हणून दुखणं भयंकर. वर सुरुवातीला ते हर्पिससारखं दिसतं, त्यामुळे उपचार भलतेच चालू राहतात आणि मोलाचे आठवडे जातात.

गंमत बघा. १९९२ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी यावर जे औषध वापरल्याचं छापलं, ते पीएचएमबी नावाचं रसायन पोहण्याच्या तलावात जंतुनाशक म्हणून विकलं जायचं! तेच अगदी पातळ करून, ०.०२ टक्के, डोळ्यात थेंबथेंब. दिवसरात्र, कित्येक महिने. याच रसायनाच्या थेंबांना युरोपात या रोगावरचं औषध म्हणून रीतसर मान्यता मिळाली ती २०२४ मध्ये.

एक तांत्रिक चावटपणा सांगून टाकतो. गॉगल न घालता पाण्याखाली डोळे उघडले तर लेन्सचा उपयोग जवळजवळ शून्य. कॉर्निया आणि पाणी यांचा अपवर्तनांक इतका जवळचा की डोळ्याची बहुतेक ताकदच पाण्यात विरघळते, आणि लेन्सची पण. म्हणजे मी विहिरीत धोका घेतला, आणि त्याच्या बदल्यात दिसलं काय, तर हिरवा धूर.

इथवर वाचून मी ठरवून टाकलं होतं की हा आपल्यासारख्या चष्मा टाळणाऱ्या शहरी लोकांचा रोग. मग हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटचा २००० सालचा लेख हाती लागला आणि चपराक बसली. जानेवारी १९९६ ते जून १९९८ मधले ३९ पेशंट. त्यांपैकी लेन्स वापरणारे किती? एकही नाही. ज्यांच्या बाबतीत कारण सापडलं, त्यांत बहुतेकांच्या डोळ्याला काहीतरी लागलेलं होतं. त्याच्याही आधी, १९९० मध्ये, डॉ. सावित्री शर्मा आणि सहकाऱ्यांनी लेन्स न वापरणाऱ्या भारतीय पेशंटबद्दल लिहून ठेवलंच होतं. टेक्सासचा गुराखी आठवला? तोच हा, फक्त आपल्या शेतातला.

माझे थोरले मामा. नव्वदच्या दशकात, मी शाळेतही जात नव्हतो तेव्हा, पऱ्हाटी उपटताना त्यांच्या डोळ्यात काडी गेली. त्यांनी विहिरीचं पाणी घेऊन डोळा धुतला. कोणीही तेच केलं असतं. दुखत राहिलं, दुकानातले थेंब घातले, पेरण्या आल्या. शेवटी डोळ्यात फूल पडलं. आजही तो डोळा पांढराच आहे. ते या अमिबाने झालं, की बुरशीने, की आणखी कशाने, हे सांगता येणार नाही, कारण त्या डोळ्यातला नमुना कोणी काचपट्टीवर घेतलाच नाही. घरात कारण एकच सांगतात, "काडी लागली." मला पुण्यात लाल डोळा घेऊन अर्ध्या तासात स्लिट लॅम्पसमोर बसायला मिळालं, आणि पहिलाच प्रश्न बरोबर विचारला गेला. मामांना पाण्याबद्दल कोणी विचारलंच नाही, कारण ते लेन्स घालत नव्हते.

मागच्या आठवड्यात नंबरचा पोहण्याचा गॉगल मागवला. उणे साडेतीन, दोन्ही डोळ्यांना. माझा सिलिंड्रिकल नंबर त्यात बसत नाही, पण विहिरीत कुठे अक्षरं वाचायचीयत. फोनवर थोरल्या मामांना सगळं सांगितलं. अमिबा, कवच, हैदराबाद. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तवा डोया धुतला, तेबी चुकलंच का बापा?"

मी म्हटलं, मामा, पुढच्या खेपेला आपण सेवाग्रामला जाऊन तो डोळा एकदा दाखवू. ते म्हणाले, कापूस निघाल्यावर बघू.