दुरंगी झाडमुंगी

करमाळा आणि माढा तालुक्यांत, उजनी जलाशयाच्या काठच्या गावांतून बाभळीच्या किंवा कडुनिंबाच्या खोडावर नजर ठेवली, तर एकटीच तुरुतुरु चालणारी लांबट, तांबडी-काळी मुंगी दिसते. ती रांगेत चालत नाही. हिचे शास्त्रीय नाव टेट्रापोनेरा रूफोनायग्रा. गण हायमेनॉप्टेरा, कुल फॉर्मिसिडी, उपकुल स्यूडोमिर्मेसिनी. दक्षिण व आग्नेय आशियात तिचा प्रसार मोठा आहे, त्यामुळे तिला दुर्मिळ म्हणता येत नाही. तिच्याच प्रजातीतल्या काही जाती मात्र अभ्यासकांच्या हाती क्वचितच लागल्या आहेत. त्या ओळखायच्या तर आधी हिची ओळख पक्की हवी.

कामकरी मुंगी साधारण 10 ते 13 मिलिमीटर लांब असते. डोके व पोट काळे, मधला भाग तांबूस-नारिंगी. रंग लगेच डोळ्यांत भरतो, पण ओळख त्यावर ठरवू नये. कंबरेकडे भिंगातून पाहावे. छाती आणि पोट यांच्यामध्ये दोन स्पष्ट गाठी दिसतात. डोळे मोठे व लांबट असून माथ्यावर तीन बारीक साधे नेत्र असतात. बहुतेक मुंग्यांच्या कामकऱ्यांत ते नसतात. शृंगिका 12 खंडांची, तिचा पहिला खंड आखूड. पोटाच्या टोकाला नांगी.

एवढे पाहिले की नेहमीचे घोटाळे टळतात. मुंगळ्याच्या, म्हणजे कँपोनोटस प्रजातीच्या, कंबरेला एकच गाठ असते आणि त्याला नांगी नसते. तो चावतो आणि चाव्यावर आम्ल सोडतो. झाडावरच राहणाऱ्या क्रिमॅटोगॅस्टर मुंगीला गाठी दोन असतात, पण तिचे पोट बदामाच्या आकाराचे असते आणि डिवचल्यावर ती ते पाठीवर उचलून धरते. खरा चकवा देतात ते नकलाकार. झाडमुंगीसारखाच दिसणारा एक उड्या मारणारा कोळी पुढचे दोन पाय शृंगिकांसारखे हवेत नाचवत फिरतो. अशा वेळी पाय मोजावेत: कोळ्याला आठ, मुंगीला सहा. बंगालमध्ये बराकपूरला जी. ए. जे. रॉथनी यांनी एकोणिसाव्या शतकातच ही मुंगी, तिची नक्कल करणारा कोळी आणि तशीच एक गांधीलमाशी अशी तिघे झाडांच्या खोडांवर पाहिली होती.

हिचे घर वाळक्या लाकडात असते. किड्यांनी पोखरलेली मेलेली फांदी किंवा खोडातली पोकळी तिला पुरते. जमिनीत वारूळ करणाऱ्या मुंग्यांना जलाशयाची चढती-उतरती पातळी सोसावी लागते. हिचा तो प्रश्न नाही. मध्य अमेरिकेतल्या बाभळीच्या पोकळ काट्यांत राहून झाडाची राखण करणाऱ्या मुंग्यांविषयी अनेकांनी वाचलेले असते. त्या हिच्याच उपकुलातल्या, स्यूडोमिर्मेक्स प्रजातीच्या. आपल्या बाभळीचा काटा भरीव असतो, म्हणून ती गोष्ट इकडे जशीच्या तशी लावू नये.

वर्गीकरणात या मुंगीने बरीच घरे बदलली. टॉमस जर्डन या लष्करी डॉक्टरने दक्षिण भारतातील मुंग्यांची यादी 1851 मध्ये मद्रासच्या नियतकालिकात छापली, तीत हिला एसिटॉन या प्रजातीत टाकले. ती तर अमेरिकेतल्या लष्करी मुंग्यांची प्रजाती! पुढे सिमा हे प्रजातिनाम आले. चार्ल्स बिंगम यांच्या 1903 च्या ग्रंथात ती त्याच नावाने आहे. मात्र फ्रेडरिक स्मिथ यांनी 1852 मध्येच टेट्रापोनेरा हे नाव दिलेले होते आणि नियमाने आधीचे नाव टिकते. आशिया-ऑस्ट्रेलियातील जातींची आजची मांडणी मुख्यतः फिलिप वॉर्ड यांच्या 2001 च्या प्रबंधावर उभी आहे. त्यांनी रंगापेक्षा डोक्याचे प्रमाण, डोळ्यांची लांबी, कंबरेच्या गाठींचा आकार आणि अंगावरचे केस यांना महत्त्व दिले. पूर्ण काळी टेट्रापोनेरा नायग्रा आणि बारीक चणीची टेट्रापोनेरा अ‍ॅलाबोरान्स यांचा निवाडा अशाच मोजमापांनी होतो.

दुर्मिळ भाईबंदांपैकी एकीचा मराठी मुलखाशी धागा आहे. टेट्रापोनेरा एटकेनाय हे नाव ऑग्यूस्त फोरेल या स्विस मनोविकारतज्ज्ञ-मुंगीशास्त्रज्ञाने 1902 मध्ये दिले, ते एडवर्ड हॅमिल्टन एटकेन यांच्यावरून. एटकेन यांचा जन्म साताऱ्याचा. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या 1883 मधील संस्थापकांत ते होते. दुसरी, टेट्रापोनेरा पेरियारेन्सिस, केरळच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पातून 2014 मध्ये नोंदली गेली. या जातींच्या दुर्मिळपणावर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. मुंग्या गोळा करण्याची रूढ रीत म्हणजे जमिनीत पेले पुरणे, आणि फांदीतून क्वचितच खाली उतरणारी मुंगी पेल्यात पडणार कशी? झाड झोडपून खाली धरलेल्या कापडावर पडणारे किडे पाहणे आणि वाळक्या काटक्या उभ्या चिरून बघणे हाच तिचा खरा शोध.

काटक्या चिरताना बेसावध राहू नये. दुरंगी झाडमुंगीचा डंख फार झोंबतो. कपड्यात शिरली तर हमखास. श्रीलंकेत हिच्या डंखाने जीवघेणी अ‍ॅलर्जी झाल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. सरपण गोळा करताना डंख झाला आणि अंगभर गांधी उठल्या, श्वास कोंडला किंवा भोवळ आली, तर घरगुती उपायांत वेळ न घालवता थेट दवाखाना गाठावा.

ओळख पटवून घ्यायची असेल तर वरून, बाजूने आणि चेहऱ्यासमोरून असे तीन फोटो काढावेत. बाजूच्या फोटोत कंबर स्पष्ट यायला हवी. सोबत झाडाचे नाव, गाव आणि तारीख लिहावी. या प्रजातीतल्या काळ्या, बारीक जातींची ओळख मात्र फोटोवरून सांगता येत नाही. त्यासाठी नमुना अल्कोहोलमध्ये ठेवून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो.