कंपनी गेली, संगणक राहिले

१९७८ साली आयबीएम ही अमेरिकी कंपनी भारतातून बाहेर पडली. परकीय चलन नियमन कायदा, १९७३ नुसार विदेशी कंपन्यांनी भारतीय व्यवसायातील आपला हिस्सा ४० टक्क्यांवर आणावा, असा सरकारचा आग्रह होता. आयबीएमला तो मान्य नव्हता. ही हकिकत पुष्कळदा सांगितली जाते. तिच्यामागचा एक साधा प्रश्न मात्र उपेक्षित राहिला. कंपनी गेली, पण देशभरातील कार्यालयांत आणि संस्थांत तिचे संगणक तसेच उभे होते. कार्डे वाचणारे यंत्र अडकले किंवा छपाईयंत्राची हातोडी तुटली, तर आता बोलवायचे कोणाला?

त्यांतील पुष्कळसे संगणक तेव्हाही जुनेच होते. आयबीएम १४०१ हे प्रारूप १९५९ साली जाहीर झाले. त्याची स्मृती वाढवून वाढवून १६,००० अक्षरांपर्यंत जाई; त्याचे छपाईयंत्र मिनिटाला ६०० ओळी छापू शके. पगारपत्रके, हिशेब, मालसाठ्याच्या नोंदी या कामांसाठी ते उत्तम होते. परंतु १९६४ मध्ये कंपनीने सिस्टिम/३६० ही नवी मालिका आणली आणि प्रगत देशांत १४०१ मागे पडू लागला. भारतात मात्र वापरून झालेले, नव्याने दुरुस्त केलेले १४०१ भाड्याने दिले जात राहिले. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये या व्यवहारावर कठोर टीका केली. अन्यत्र कालबाह्य ठरलेली यंत्रे भारताच्या गळ्यात मारली जात आहेत, हा त्या टीकेचा रोख होता.

येथे एक विरोधाभास दिसतो. ज्या जुनेपणाबद्दल कंपनीला दोष दिला गेला, तीच जुनी यंत्रे कंपनी गेल्यावर चालू ठेवणे देशाला आवश्यक झाले. नवा संगणक आयात करायचा तर परकीय चलन हवे, परवाने हवेत आणि त्यासाठी दीर्घ प्रतीक्षा हवी. दरम्यान पगार तर दर महिन्याला व्हायलाच हवे होते.

ही जबाबदारी ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ अर्थात सीएमसी या सरकारी कंपनीने उचलली. तिची स्थापना १९७५ सालीच झाली होती. तिचे पहिले अध्यक्ष रंगस्वामी नरसिंहन यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ या संगणकाच्या उभारणीचे नेतृत्व केले होते. १९६० साली कार्यान्वित झालेला तो संगणक संस्थेतील अभियंत्यांनीच रचला होता आणि त्याची देखभालही तेच करीत. त्याआधी, १९५५-५६ मध्ये, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत इंग्लंडहून एचईसी-२एम हा संगणक आला, तेव्हाही तो जोडणे आणि चालता ठेवणे संस्थेच्या अभियंत्यांवरच येऊन पडले होते. परक्याच्या हाताची वाट न पाहता यंत्र उघडण्याची सवय या देशाला अगदीच नवी नव्हती.

नवे होते ते कामाचे प्रमाण. सीएमसीकडे ८०० हून अधिक ठिकाणच्या आयबीएम यंत्रांची देखभाल आली. हे शक्य होण्यात यंत्राच्या रचनेचाही वाटा होता. १४०१ ची मंडले तळहातावर मावतील अशा छोट्या, काढता-घालता येणाऱ्या पत्र्यांवर बसवलेली असत. एका पत्रीवर मोजकेच ट्रान्झिस्टर, डायोड आणि रोधक. मंडलांचे नकाशे आणि दोलनदर्शक हाताशी असला, तर संकेत कोणत्या टप्प्यावर हरवतो हे शोधता येई. दोषी पत्री बदलली की यंत्र पुन्हा सुरू होई. काढलेल्या पत्रीवरील बिघडलेला ट्रान्झिस्टर नंतर सावकाश बदलता येई. अशा यंत्राचे आयुष्य त्याच्या वयावर जितके अवलंबून असते, तितकेच त्याच्या नकाशांवर, सुट्या भागांच्या साठ्यावर आणि प्रशिक्षित माणसांवर अवलंबून असते.

पुढे इतर परदेशी कंपन्यांच्या संगणकांची देखभालही सीएमसीकडे आली. निरनिराळ्या घडणीची यंत्रे एकाच संस्थेच्या हाताखालून गेली. हीच सीएमसी १९८० च्या दशकाच्या मध्यास रेल्वेची संगणकीकृत आरक्षणव्यवस्था घडवू लागली आणि दिल्लीपासून तिचा प्रारंभ झाला. ती व्यवस्था अर्थातच नव्या यंत्रांवर उभी होती. जुने जपणे म्हणजे नव्याला नकार देणे नव्हे, हे यातून स्पष्ट होते. १४०१ ला वातानुकूलित खोली लागे, वीज भरपूर लागे. त्याला कायमचे धरून बसण्यात अर्थ नव्हता. अर्थ होता तो यंत्र कधी सोडायचे हे स्वतः ठरवता येण्यात.

आज हा प्रश्न वेगळ्या रूपात परतला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अद्यतन थांबवले. विंडोज ११ च्या अटींत न बसणारे असंख्य संगणक यंत्र म्हणून धडधाकट आहेत. अडचण आहे ती आज्ञावलीची. त्यांतील अनेकांवर लिनक्स चालू शकते, पण ते बसवणारा आणि पुढे सांभाळणारा कोणीतरी हवा. स्मृती मूळ पाटीवरच डाखलेली, बॅटरी चिकटवलेली आणि नकाशे गुप्त, अशा नव्या संगणकांची दुरुस्ती तर अधिकच कठीण. लॅपटॉपच्या एकूण कार्बनभाराचा मोठा वाटा तो पहिल्यांदा सुरू होण्याआधीच, निर्मितीत, खर्ची पडलेला असतो. म्हणून त्याचे प्रत्येक वाढीव वर्ष मोलाचे आहे.

१९७० च्या दशकातील भारताने जुन्या संगणकाच्या दोन्ही बाजू पाहिल्या. दुसऱ्याच्या मर्जीने भाड्याने घेतलेला १४०१ हे परावलंबन होते. तोच १४०१ उघडून, समजून, दुरुस्त करून चालवणे हे सामर्थ्य ठरले. यंत्र तेच होते. फरक पडला तो त्याचे ज्ञान कोणाच्या हाती आहे, यामुळे.