साथ विषाणूची, मारा प्रतिजैविकांचा

कोरोनाच्या साथीने २०२० ते २०२२ या काळात शहरी मध्यमवर्गाच्या बोलण्यात अनेक नवे शब्द आणले. ऑक्सिजनची पातळी, सीटी स्कॅनचा स्कोअर, गृहविलगीकरण हे शब्द सर्वतोमुखी झाले. त्याच काळात अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि डॉक्सिसायक्लिन ही दोन औषधांची नावेही घरोघरी पोहोचली. ओळखीच्या कुणाला दिलेली औषधांची चिठ्ठी मोबाइलवरून नातेवाइकांत फिरे, तीच दाखवून दुकानातून गोळ्या आणल्या जात आणि अनेकदा चाचणीचा अहवाल हाती येण्यापूर्वीच त्या सुरूही होत. वस्तुतः कोरोना हा विषाणूजन्य आजार. ही दोन्ही औषधे मात्र जीवाणूंवरची, म्हणजेच प्रतिजैविके अर्थात अँटिबायोटिक्स. विषाणूच्या साथीत त्यांचा एवढा वापर का झाला, त्याची किंमत कोणाला मोजावी लागते आणि पुढील साथीपूर्वी त्यातून काय शिकायचे, हे समजून घेणे आवश्यक आहे.

'जंतू' एक, प्रकार दोन

मराठीत 'जंतू' हा शब्द सरसकट वापरला जातो. रुग्णाला पटकन समजावे म्हणून डॉक्टरही 'जंतुसंसर्ग झाला आहे' किंवा नुसते 'इन्फेक्शन आहे' असे सांगतात. या एका शब्दात विषाणू आणि जीवाणू यांतील भेद पुसला जातो. औषधाच्या दृष्टीने मात्र नेमका तोच भेद निर्णायक असतो.

जीवाणू हा स्वतंत्रपणे जगणारा एकपेशीय सजीव होय. बहुतेक जीवाणूंना स्वतःची पेशीभित्तिका असते आणि प्रथिने तयार करणारी यंत्रणाही स्वतःची असते. पेनिसिलिन ही भित्तिका उभारण्याच्या कामात अडथळा आणते. अ‍ॅझिथ्रोमायसिन व डॉक्सिसायक्लिन प्रथिननिर्मिती रोखतात. विषाणूजवळ यांपैकी काहीच नसते. तो मानवी पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो. साहजिकच प्रतिजैविकाला तेथे लक्ष्यच सापडत नाही.

मुंबईकरांना हा भेद एका परिचित उदाहरणावरून ध्यानात येईल. जुलै २००५ च्या महापुरानंतर शहरात लेप्टोस्पायरोसिसची साथ आली होती. आजही पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून चालत गेलेल्यांना वैद्यकीय सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घेण्यास महापालिका सांगते. तो सल्ला शास्त्रीय आहे, कारण लेप्टोचा जंतू हा जीवाणू आहे. तीच गोळी कोरोनासाठी घेणे मात्र निरर्थक ठरते. औषध तेच, पण जंतूची जात वेगळी!

सहा रुग्ण आणि कोट्यवधी मात्रा

मग कोरोनावर अ‍ॅझिथ्रोमायसिन आले कोठून? मार्च २०२० मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी ३६ रुग्णांवरील एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील २० जणांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन देण्यात आले होते आणि त्या २० पैकी अवघ्या सहा जणांना त्याच्या जोडीला अ‍ॅझिथ्रोमायसिन. या सहा जणांच्या नाकातील विषाणू लवकर नाहीसा झाल्याचा दावा करण्यात आला. जगभर भीतीचे वातावरण असताना हा दावा वाऱ्यासारखा पसरला. भारताच्या आरोग्य मंत्रालयानेही ३१ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये अतिदक्षता विभागातील गंभीर रुग्णांसाठी या जोडगोळीचा समावेश केला. जून २०२० मधील सुधारित सूचनांतून अ‍ॅझिथ्रोमायसिन वगळण्यात आले. पण तोपर्यंत ते नाव लोकांच्या तोंडी बसले होते.

पुढे ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीत रुग्णालयात दाखल झालेल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास झाला. अ‍ॅझिथ्रोमायसिन दिलेल्यांच्या आणि न दिलेल्यांच्या मृत्युदरात फरक आढळला नाही. हा निष्कर्ष डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांनाही अ‍ॅझिथ्रोमायसिन वा डॉक्सिसायक्लिनचा उपयोग होत नसल्याचे ब्रिटनमधीलच 'प्रिन्सिपल' या दुसऱ्या चाचणीत २०२१ मध्ये स्पष्ट झाले. ज्या फ्रेंच अभ्यासापासून हे सारे सुरू झाले, तो तर डिसेंबर २०२४ मध्ये संबंधित नियतकालिकाने मागे घेतला.

दरम्यान भारतात काय घडले? खासगी बाजारातील औषधविक्रीवरून करण्यात आलेला एक अभ्यास 'प्लॉस मेडिसिन' या नियतकालिकात जुलै २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जून ते सप्टेंबर २०२० या पहिल्या लाटेच्या चार महिन्यांत प्रौढांसाठीच्या प्रतिजैविकांच्या सुमारे २१ कोटी ६४ लाख मात्रा अपेक्षेपेक्षा जास्त विकल्या गेल्या, असा अंदाज त्यात मांडण्यात आला. त्यांपैकी सुमारे ३ कोटी ८० लाख मात्रा एकट्या अ‍ॅझिथ्रोमायसिनच्या होत्या.

याचा सारा दोष रुग्णांच्या किंवा डॉक्टरांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. सुरुवातीच्या महिन्यांत चाचण्यांचे अहवाल येण्यास विलंब होई. फुप्फुसातील न्यूमोनिया विषाणूचा की जीवाणूचा, हे नुसत्या सीटी स्कॅनवरून खात्रीने सांगता येत नसे. शिवाय १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीतील बहुसंख्य मृत्यूंमागे नंतर जडलेला जीवाणूंचा न्यूमोनिया होता, हा इतिहास डॉक्टरांसमोर होता. त्यामुळे 'असू द्यावे संरक्षण' या भावनेने प्रतिजैविक लिहून दिले जाई. कोरोनात मात्र ही भीती बहुतांशी अनाठायी ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२० ते मार्च २०२३ या काळातील ६५ देशांच्या माहितीचा आढावा एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केला. रुग्णालयात दाखल झालेल्या कोरोनाबाधितांपैकी केवळ ८ टक्के रुग्णांना जीवाणूंचाही संसर्ग होता. प्रतिजैविके मात्र सुमारे ७५ टक्के रुग्णांना देण्यात आली होती.

जीवाणू 'शहाणे' कसे होतात?

'गोळी घेतली, उपयोग झाला नाही तरी अपाय काय झाला?' असा प्रश्न पुष्कळांच्या मनात येतो. येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. 'शरीराला औषधाची सवय होते' असे लोक म्हणतात. प्रत्यक्षात औषधाला दाद न देण्याची क्षमता शरीरात नव्हे, तर जीवाणूंत निर्माण होते.

मानवाच्या आतड्यात असंख्य जीवाणू सुखेनैव नांदत असतात. विषाणूवर म्हणून घेतलेले प्रतिजैविक विषाणूला धक्काही लावत नाही, पण या जीवाणूंवर मात्र तुटून पडते. त्यांतील दुबळे मरतात आणि औषधाला दाद न देणारे मोजके शिल्लक राहतात. रिकाम्या झालेल्या जागेत त्यांचीच प्रजा वाढते. अनुकूल स्थितीत ई. कोलायसारखा जीवाणू सुमारे वीस मिनिटांत दुप्पट होतो. एवढ्यावरच हे थांबत नाही. प्रतिरोधाची जनुके धारण करणारे डीएनएचे छोटे गोल तुकडे, म्हणजे प्लाझ्मिड, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे, अगदी वेगळ्या जातीच्या जीवाणूकडेही जाऊ शकतात. पुढे हेच जीवाणू हातांवरून, सांडपाण्यातून, रुग्णालयातील उपकरणांवरून इतरांपर्यंत पोहोचतात.

पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी हा धोका फार लवकर ओळखला होता. १९४५ च्या नोबेल व्याख्यानात त्यांनी एका काल्पनिक गृहस्थाची कथा सांगितली. घसा दुखतो म्हणून हा गृहस्थ स्वतःच पेनिसिलिन आणून अपुऱ्या प्रमाणात घेतो. त्याच्या घशातील जीवाणू मरत नाहीत, उलट औषधाला तोंड देण्यास शिकतात. तोच संसर्ग पत्नीला होतो, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन निष्प्रभ ठरते आणि ती दगावते. गोळी घेणारा एक आणि किंमत मोजणारा दुसराच, हे या प्रश्नाचे मर्म त्या कथेत आले आहे.

किंमत कोणाची?

हे मर्म कोरोनाच्या अतिदक्षता विभागांत प्रकर्षाने दिसले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मुंबईसह देशातील दहा रुग्णालयांतील १७,५३४ कोरोना रुग्णांची माहिती तपासली. हा अभ्यास मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यापैकी केवळ ३.६ टक्के रुग्णांना नंतर जीवाणूंचा किंवा बुरशीचा संसर्ग झाला. परंतु दाखल झालेल्या एकूण रुग्णांचा मृत्युदर १०.६ टक्के असताना या गटातील मृत्युदर ५६.७ टक्के होता. हे रुग्ण मुळातच अधिक गंभीर होते, हे खरे. तथापि त्यांच्या शरीरात सापडलेल्या क्लेब्सिएला आणि अ‍ॅसिनेटोबॅक्टर या जीवाणूंपैकी बहुसंख्य जीवाणू कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधांनाही दाद देत नव्हते. ज्यांना प्रतिजैविकांची खरोखर गरज होती, त्यांच्याच वेळी ती हतबल ठरत होती.

'लॅन्सेट'मध्ये २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जीवाणूंमुळे झाले. म्हणजे ही समस्या साथीने निर्माण केलेली नाही. साथीने तिला खतपाणी घातले.

कायदा आहे, अंमलबजावणीचे काय?

देशात नियमांची वानवा नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'एच-१' परिशिष्टानुसार त्यातील औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रीची नोंद तीन वर्षे जपून ठेवावी लागते. २०१६ मध्ये 'लाल रेषे'ची मोहीम सुरू झाली. औषधाच्या पट्टीवरील उभी लाल रेषा म्हणजे 'डॉक्टरांच्या चिठ्ठीविना घेऊ नये' अशी खूण होय. मात्र ही रेषा कशासाठी आहे, हे किती ग्राहकांना ठाऊक असते?

रुग्णालयांतही चित्र फारसे वेगळे नाही. राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्राने नोव्हेंबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात २० मोठ्या रुग्णालयांत केलेल्या पाहणीत ७१.९ टक्के रुग्णांना प्रतिजैविके दिली जात असल्याचे आढळले. त्यातील निम्म्याहून अधिक वापर उपचारासाठी नव्हे, तर केवळ प्रतिबंधासाठी होता. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी प्रतिजैविक लिहून देताना त्याचे कारणही चिठ्ठीत नमूद करावे, असे आवाहन डॉक्टरांना केले. केरळने त्याच महिन्यात 'ऑपरेशन अमृत' हाती घेऊन चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीविरुद्ध दुकानांची तपासणी सुरू केली.

नागरिकांच्या हाती काय आहे?

सर्दी, फ्लू, डेंग्यू, कोरोना हे आजार विषाणूंमुळे होतात. त्यांवर प्रतिजैविके चालत नाहीत. कफाचा रंग हिरवा-पिवळा झाला म्हणजे जीवाणूंचा संसर्ग झालाच, असेही नाही. याउलट टायफॉइड, क्षयरोग, मूत्रमार्गाचा जीवाणूसंसर्ग, जीवाणूजन्य न्यूमोनिया यांत हीच औषधे प्राण वाचवतात. त्यामुळे प्रतिजैविकांना सरसकट घाबरण्याचेही कारण नाही.

डॉक्टरांकडे गेल्यावर 'लवकर बरे वाटेल असे स्ट्राँग औषध द्या' असा आग्रह धरण्याऐवजी 'हा संसर्ग विषाणूचा आहे की जीवाणूचा?' आणि 'त्यासाठी एखादी तपासणी करावी का?' हे दोन प्रश्न विचारावेत. प्रतिजैविक दिलेच, तर ते सांगितलेल्या मात्रेत, सांगितलेल्या वेळी आणि सांगितले तितके दिवस घ्यावे. बरे वाटले म्हणून परस्पर बंद करू नये. मागच्या आजारातील उरलेल्या गोळ्या पुन्हा वापरू नयेत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना देऊ नयेत. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली किंवा रुग्ण ग्लानीत गेला, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांना गाठावे. लसीकरण आणि हातांची स्वच्छता यांमुळे मुळात संसर्गच कमी होतात आणि औषधाची वेळ टळते.

नवे प्रतिजैविक बाजारात येण्यास दीर्घ काळ आणि प्रचंड खर्च लागतो; जुने निकामी होण्यास मात्र फार काळ लागत नाही. पुढची साथ कोणत्या विषाणूची असेल, हे कोणीच सांगू शकत नाही. त्या वेळी अतिदक्षता विभागातील रुग्णाला जीवाणूंचा संसर्ग झाला, तर त्याच्यावर औषध चालेल की नाही, हे आज साध्या सर्दी-तापात किती गोळ्या विनाकारण घेतल्या जातात, यावर बऱ्याच अंशी अवलंबून राहणार आहे.