इंटरनेट

इंटरनेट : जगभरातील संगणकजालांना एकमेकांशी जोडणारे जाल. मराठीत यास महाजाल किंवा आंतरजाल असेही म्हणतात. विद्यापीठे, सरकारी खाती, दूरसंचार कंपन्या, बँका अशा असंख्य संस्थांची स्वतंत्र जाले त्यात सामील आहेत. त्यांचा मालक एक नाही, यंत्रे एका बनावटीची नाहीत आणि जोडणीही एका प्रकारची नाही. कुठे तांब्याची तार, कुठे समुद्रतळावरची प्रकाशतंतूंची केबल, तर कुठे रेडिओलहरी. सर्वांना समान आहेत ते फक्त नियम. माहिती कशी बांधायची, तिच्यावर पत्ता कसा घालायचा आणि ती वाटेत हरवली तर काय करायचे, हे ठरवणाऱ्या या नियमांना ‘प्रोटोकॉल’ म्हणतात. इंटरनेटचा इतिहास हा मुख्यतः या नियमांचा इतिहास आहे.

पूर्वपीठिका : दूरध्वनीच्या जुन्या पद्धतीत दोघांचे बोलणे चालू असेपर्यंत त्यांच्यामधली संपूर्ण वाट त्यांच्यासाठीच अडून राही. संगणकांचे संभाषण सलग नसते. क्षणभर माहितीचा लोंढा येतो आणि मग बराच वेळ शांतता असते. अशा कामासाठी अख्खी तार अडवून ठेवणे परवडणारे नव्हते. अमेरिकेतील रँड कॉर्पोरेशनचे पॉल बॅरन यांनी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात, आणि इंग्लंडच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीतील डॉनल्ड डेव्हिस यांनी १९६५ च्या सुमारास, स्वतंत्रपणे एकच तोडगा सुचविला : संदेशाचे लहान तुकडे करावेत, प्रत्येकावर पत्ता घालावा आणि जी वाट मोकळी मिळेल तिने तो पुढे पाठवावा. या तुकड्याला ‘पॅकेट’ हे नाव डेव्हिस यांनी दिले. बॅरन अणुहल्ल्यातही टिकेल अशा संदेशव्यवस्थेच्या शोधात होते, तर डेव्हिस यांना एकच संगणक अनेकांना दुरून वापरता यावा असे वाटत होते.

अर्पानेट : स्पुटनिकच्या उड्डाणानंतर १९५८ मध्ये अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ‘अर्पा’ ही संशोधनसंस्था स्थापन केली. तिच्या अनुदानावर चालणाऱ्या विद्यापीठांना एकमेकांचे महागडे संगणक वापरता यावेत, यासाठी लॉरेन्स रॉबर्ट्स यांच्या देखरेखीखाली अर्पानेट उभे राहिले. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी रात्री लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे ‘लॉगिन’ हा शब्द पाठविण्यात येत होता. ‘एल’ आणि ‘ओ’ ही दोन अक्षरे पोहोचली आणि पलीकडची यंत्रणा बंद पडली. तासाभराने जोडणी यशस्वी झाली. वर्षअखेरीस चार केंद्रे जोडली गेली होती.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्टीव्ह क्रॉकर यांनी जालाच्या नियमांविषयीचे पहिले टिपण लिहिले व त्याला ‘रिक्वेस्ट फॉर कॉमेंट्स’, म्हणजे ‘अभिप्रायासाठी’, असे नाव दिले. ही टिपणे कोणीही वाचावीत आणि त्यांत सुधारणा सुचवाव्यात, असा रिवाज पडला. इंटरनेटचे नियम आजही याच नावाने आणि विनामूल्य प्रसिद्ध होतात. दूरच्या संगणकावरून फाइल आणण्याच्या नियमांचे, एफटीपीचे, पहिले टिपण १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहिले. ते कानपूरच्या आयआयटीचे माजी विद्यार्थी होते. त्याच वर्षी रे टॉमलिन्सन यांनी एका संगणकावरून दुसऱ्यावर ईमेल पाठविली आणि व्यक्तीचे नाव व संगणकाचे नाव यांच्यामध्ये ‘अ‍ॅट’ हे चिन्ह ठेवले.

टीसीपी/आयपी : १९७० च्या दशकात रेडिओवर आणि उपग्रहावर चालणारी जाले तयार झाली. प्रत्येकाची रीत वेगळी, वेग वेगळा. त्यांना जोडण्याचा मार्ग व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ च्या निबंधात मांडला : कोणत्याही जालाची अंतर्गत रचना बदलू नये; दोन जालांच्या सीमेवर एक यंत्र ठेवावे आणि त्याने पॅकेट पलीकडे द्यावे. पॅकेट खात्रीने पोहोचविण्याची जबाबदारी जालावर न टाकता दोन्ही टोकांच्या संगणकांवर टाकावी. मध्ये साधेपणा आणि टोकांना शहाणपण, ही विभागणी इंटरनेटच्या वाढीचे मूळ ठरली. पुढे निघालेल्या नव्या सेवांसाठी मधल्या यंत्रांत बदल करण्याची किंवा कोणाची परवानगी घेण्याची गरज उरली नाही. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेटने टीसीपी/आयपी ही नियमावली स्वीकारली. अर्पानेट १९९० मध्ये बंद झाले. तोपर्यंत अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचे एनएसएफनेट मुख्य कणा बनले होते. १९९५ मध्ये तेही थांबले आणि वाहतूक खाजगी कंपन्यांच्या जालांवर गेली.

पॅकेटचा प्रवास : जालातील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो. चौथ्या आवृत्तीचा पत्ता ३२ बिटांचा असल्याने एकूण सुमारे ४२९ कोटी पत्तेच शक्य होते. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, म्हणून १२८ बिटांचे पत्ते असलेली सहावी आवृत्ती वापरात येत आहे. वाटेतल्या राउटरला, म्हणजे पॅकेट पुढे देणाऱ्या यंत्राला, संपूर्ण मार्ग ठाऊक नसतो. तो पॅकेटवरचा पत्ता पाहतो, शेजाऱ्यांपैकी कोणाकडे द्यायचे एवढेच ठरवतो आणि मोकळा होतो. पॅकेट भरकटून कायम फिरत राहू नये म्हणून त्यावर एक आकडा असतो. तो प्रत्येक राउटरपाशी एकने कमी होतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून देतात. टीसीपी पाठवलेल्या माहितीला अनुक्रम देते. पलीकडचा संगणक पोच देतो; पोच आली नाही तर तो भाग पुन्हा पाठवला जातो आणि उलटसुलट आलेले भाग क्रमाने लावले जातात.

नावांची व्यवस्था : माणसाला आकड्यांपेक्षा नावे लक्षात राहतात. आरंभी सर्व नावांची एकच यादी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. ती आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस ही विभागलेली व्यवस्था रचली. मराठी विश्वकोशाचा ‘विश्वकोश डॉट मराठी डॉट गव्ह डॉट इन’ हा पत्ता त्यामुळे उजवीकडून वाचला जातो. मूळ सर्व्हर ‘इन’ची माहिती असलेल्या सर्व्हरकडे बोट दाखवतो, तो ‘गव्ह’कडे, आणि असे करत शेवटी आयपी पत्ता हाती येतो. हे उत्तर काही काळ जवळच साठवतात, म्हणून दर वेळी एवढी विचारपूस करावी लागत नाही.

प्रमुख सेवा : ईमेल पाठविली की पाठविणाऱ्याचा मेल-सर्व्हर डीएनएसला विचारून पत्त्यातल्या संस्थेचा मेल-सर्व्हर शोधतो आणि एसएमटीपीच्या नियमांनी पत्र त्याच्या स्वाधीन करतो. तेथे ते पेटीत पडून राहते व वाचणारा पॉप किंवा आयमॅप या पद्धतीने ते पाहतो. दोघे एकाच वेळी जालावर असण्याची गरज नसते.

वर्ल्ड वाइड वेब ही सेवा टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळील सर्न या संशोधनकेंद्रात १९८९ मध्ये प्रस्तावित केली. प्रत्येक दस्तऐवजाला पत्ता देणारी यूआरएल, तो मागवण्याचे एचटीटीपी नियम आणि पानाची मांडणी सांगणारी एचटीएमएल भाषा हे तिचे तीन आधार. इंटरनेट आणि वेब हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. वस्तुतः वेब ही इंटरनेटवर चालणाऱ्या सेवांपैकी एक आहे. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने वेबवरील आपला हक्क सोडून ती सर्वांना खुली केली. त्याच वर्षी आलेल्या मोझेक या ब्राउझरमुळे ती सामान्यांपर्यंत पोहोचली.

भारतातील विकास : १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक जाल सुरू केले. आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र त्यात होते. एस. रमाणी यांच्या नेतृत्वाखालील या मुंबईच्या केंद्रातूनच देशाचा परदेशी जालांशी आरंभीचा संपर्क जुळला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोठ्या शहरांत जनतेसाठी सेवा खुली केली आणि १९९८ पासून खाजगी कंपन्यांना परवाने मिळू लागले.

मर्यादा : आरंभीचे नियम परस्परांना ओळखणाऱ्या मोजक्या संशोधकांसाठी होते. पाठविणारा खरोखर तोच आहे का, हे तपासण्याची सोय मूळ ईमेलमध्ये नव्हती आणि मजकूर उघडाच जाई. खोट्या नावाने येणारी पत्रे आणि फसवणूक यांचे एक मूळ येथे आहे. कूटलेखन व ओळख पडताळण्याचे उपाय नंतर वरून जोडण्यात आले.

देवनागरी आणि इंटरनेट : मूळ नियमांनी लिपी धरली ती रोमन. सुरुवातीची मराठी संकेतस्थळे आपापले फाँट वापरीत. तो फाँट नसला की वाचकाला निरर्थक चिन्हे दिसत आणि मजकूर शोधता येत नसे. प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोडने ही अडचण दूर केली. त्यानंतर मराठी विकिपीडियासारखे प्रकल्प उभे राहिले. ईमेलसाठी १९९२ मध्ये ‘माइम’ हे नियम आले. त्यांच्या एका प्रचलित पद्धतीत ‘क’ हे अक्षर तीन बाइटांचे धरून ‘चार, के, एस, व्ही’ या चार चिन्हांच्या रूपाने पाठवतात आणि पलीकडे त्याचा पुन्हा ‘क’ होतो. ऑगस्ट २०१४ मध्ये मराठी, कोंकणी, हिंदी आदी भाषांसाठी ‘डॉट भारत’ ही देवनागरी नावे सुरू झाली. डीएनएसकडे जाताना त्यांचेही असेच रोमन रूपांतर होते. मधल्या एकाही राउटरला यासाठी देवनागरी शिकावी लागली नाही. तरीही देवनागरीतला ईमेल पत्ता पुष्कळ ठिकाणी अजून ‘चुकीचा’ म्हणून नाकारला जातो. त्याचे नियम २०१२ पासून प्रसिद्ध आहेत. राहिले आहे ते टोकांचे काम, म्हणजे अर्ज, अ‍ॅप आणि संकेतस्थळे घडविणाऱ्यांनी ते नियम पाळण्याचे.